मंगलीच्या नावावर

आमच्या घरातून शेजारीपाजारी उसनं काय काय गेलं याची यादी करायची झाली तर सायकलचा पंप, पाटा-वरवंटा, शाळेचा भारताचा नकाशा, बाजेची नवीकोरी दोरी, आणि मी. माझी मुलगी हे ऐकून हसते. म्हणते, आई, माणूस कसं उसनं जाईल? तिला काय सांगू. ती शहरातल्या शाळेत शिकली, तिच्या शाळेत वर्ग भरलेले असायचे. आमच्याकडे वर्ग भरावे लागायचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि कुणी दारात येऊन काही मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जमत नसे, त्यामुळे मी सहावीत असताना वर्षातून तीन-चार वेळा तरी सायकलच्या दांड्यावर बसून दुसऱ्या शाळेत दुसरीच कुणीतरी व्हायला जायची. उंचीनं मी लहानखुरी, तिसरी-चौथीत सहज खपायची, आणि वाचायला बसवलं की थांबायची नाही. असा माल केंद्रातल्या इतर शाळांकडे नव्हता.

फुलसावंगीहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. पिठाच्या गिरणीच्या मागे टिनाच्या दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. सकाळी गिरणीचं इंजिन सुरू झालं की आमची मागची भिंत हलायची, ताटल्या वाजायच्या आणि माय म्हणायची, उठा, आता कोणाले झोप लागनार हाय. भांड्यांवर, फडताळावर, बाबांच्या टोपीवर पिठाचा पातळ थर. माय दिवसातून चार वेळा पुसायची आणि चार वेळा तो परत बसायचा. अंबाडीची भाजी ती कण्या घालून करायची, वरून लसणाचं तेल, आणि ज्वारीची भाकर थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज इंजिनाच्या ठोक्याला जुळायचा. इंजिन बंद पडलं की मला करमायचं नाही. खरं तर मला कशानंच करमायचं नाही. जेवताना मी दोनदा उठायची, अभ्यास करताना उंबऱ्यात, मग अंगणात, मग गिरणीच्या ओट्यावर. "पायाले भिंगरी बांधली काय वं तुह्या," असं माय दिवसातून कितीदा म्हणायची, मोजलं नाही. भिंगरी अजून आहे. आता मी केंद्रप्रमुख आहे, बारा शाळा माझ्याकडे आहेत, आणि बैठकीत मी उभी राहून बोलते ते कडक स्वभावामुळे असं शिक्षकांना वाटतं.

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडे वंदना व्हायची. चटईवर चौघं, म्हणजे बाबा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ, जो वंदनेत कायम पेंगायचा. पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणताना बाबांचा आवाज जरा वर जायचा. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले आणि बाबा आमच्या घराण्यातले खुर्चीवर बसणारे पहिले. शाळेबद्दल त्यांना जे वाटायचं त्याला प्रेम म्हणणं कमी पडेल. सुटीच्या दिवशीसुद्धा ते शाळेचं कुलूप ओढून बघायला जायचे. असा माणूस आपल्या पोरीला दुसऱ्याच्या नावावर बसवायला नेत होता, आणि त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं, हे आधी नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं उगाच भयंकर वाटेल.

तपासणी असली की पोरं उसनी द्यायची, ही रीतच होती. विस्तार अधिकारी त्यांच्या फटफटीवर निघाले की जीपवाल्यांकरवी निरोप पोचायचा. ज्या शाळेचा पट कमी भरला असेल तिला शेजारच्या शाळेनं दहा-पंधरा पोट्टे द्यायचे, आणि त्यातले तीन-चार हुशार निघाले पाहिजेत. पट खरोखरच कमी दिसला तर शिक्षकाचं पद जाईल, शाळा बंद होईल, ही भीती खोटी नव्हती. एकदा अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी दोन शाळा घेतल्या. ते सडकेनं गेले, आम्ही नाल्यातून पळत त्यांच्या आधी पोचलो. माझ्याकडे बघून ते म्हणाले, तुला कुठंतरी पाहिलंय. मी म्हटलं, माझी बहीण असेल साहेब, ती तिकडच्या शाळेत आहे. ही गोष्ट पुढं वर्षभर मास्तरांच्या बैठकीत सांगितली जायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मला गुळाचा खडा मिळायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, आत्ता लिहितानाही थोडा वाटतोच आहे, आणि त्याचा राग येतो.

सगळ्यात जास्त मी गेले ती तांड्यावरच्या शाळेत. आमच्या गावाहून तीन-चार किलोमीटर, नाला ओलांडून टेकडीच्या पोटाशी बंजारा वस्ती. तिथं चौथीपर्यंतची शाळा, आणि गावंडे गुरुजी. ते आणि बाबा एकत्र डी.एड. झालेले, एकाच खोलीत राहून एकाच स्टोव्हवर खिचडी शिजवलेली. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि निम्मा तांडा ऊस तोडायला खाली नदीकाठच्या कारखान्यांकडे निघून जायचा, लेकराबाळांसकट. होळीला परत. तेवढे चार महिने गावंडे गुरुजींच्या शाळेत हजेरीच्या वहीत बेचाळीस पोरं असायची आणि सतरंजीवर पंधरा. गुरुजी सगळ्यांची हजेरी मांडायचे. वाईट माणूस म्हणता येणार नाही त्यांना. पाऊस असो, ऊन असो, नाला पोटापर्यंत चढलेला असो, ते शाळेत जायचेच.

त्या हिवाळ्यात वरून कागद आला. पुण्याहून संशोधन करणारी मंडळी येणार, तांड्यांवरच्या आणि कोलामांच्या पोडांवरच्या शाळांत शिकवणं कसं चालतं ते बघणार, आणि सरकारनं काय करावं ते सुचवणार. कागदावर "अभ्यास" असा शब्द होता. गावंडे गुरुजी तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसले आणि बाबांना म्हणाले, "अभ्यास म्हनजे तपासणीच ना रे भाऊ. नाव बदललं फक्त." बाबांनीही तो दोनदा वाचला आणि मान डोलावली. "रंजीले देजो दोन दिवस. तिसरीतली परसराम जाधवची मंगली गेलती ऊसाले, तिच्या नावावर बसवतो. अंगानं, वयानं हिच्याएवढीच हाय, ऊसापायी मागं पडली." आत माय चुलीसमोर होती. ती म्हणाली, "दोन दिवस? नेहमी तं एकच असते." तेवढीच काय ती शंका आमच्या घरात निघाली.

पुण्याची बाई आली ती जीपमधून उतरून शेवटचा टप्पा चालत. अनुराधाबाई त्यांचं नाव. खांद्याला कापडी पिशवी, केस पिकलेले, आणि आल्या आल्या त्या खुर्ची सोडून मुलांच्या मागे सतरंजीवर बसल्या. आम्ही सगळे वळून वळून बघत होतो. त्या गुरुजींना म्हणाल्या, "मी तपासायला आलेले नाही हं. तुम्ही रोज शिकवता तसंच शिकवा." गुरुजींचा खडू हातातल्या हातात मोडला. नंतर संध्याकाळी मला न्यायला आलेल्या बाबांना ते म्हणाले, "सगळेच असं म्हनतात." बाई दर थोड्या वेळानं घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहायच्या. गुरुजी काय करतायत, मुलं काय करतायत, कोण बोलतंय, कोण खिडकीतून बाहेर बघतंय. गुरुजींच्या बोलण्याला त्या कुठंच नाक मुरडत नव्हत्या. मला तेव्हा ते फार विचित्र वाटलं, कारण आमच्या ओळखीचा साहेब आल्यापासून नाक मुरडायला सुरुवात करायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला लिंबाखाली बोलावलं. माझी पाळी आली. "नाव काय तुझं?" मी म्हटलं, "मंगला परसराम जाधव." घरात कोणती भाषा बोलता, असं विचारलं. त्याचीही तयारी होती, तांड्यावर येऊन जाऊन दोन-चार शब्द मला येत होते. आईला याडी म्हणतो, भाकरीला बाटी म्हणतो, मी सांगितलं. मग त्यांनी वाचायला कार्ड दिलं. मी वाचलं. त्याहून अवघड दिलं, तेही वाचलं. मग त्यांच्या पिशवीतलं मोठ्या मुलांचं पुस्तक दिलं आणि मी सुटलेच. विराम, आवाजातले चढउतार, सगळं. बाईंचा चेहरा असा उजळत गेला की मला आणखी वाचावंसं वाटायला लागलं. माझं वाचणं ऐकून असा चेहरा कुणी केला नव्हता. बाबांना ते सवयीचं होतं आणि माय तेव्हा भाकरी थापत असायची. त्यांनी विचारलं, "घरात वेगळी भाषा असून इतकं छान कसं गं शिकलीस?" आता याची तयारी नव्हती. मी म्हटलं, "गुरुजी गोष्ट आधी आमच्या भाषेत सांगतात, मग पुस्तकातली वाचून दाखवतात. मग आम्ही एकमेकांना सांगतो." हे मी त्या क्षणी बनवलं. गावंडे गुरुजींना तांड्याच्या भाषेतलं पाणी मागण्यापलीकडे काही येत नव्हतं. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं, पान उलटलं, आणि आणखी लिहिलं.

मी घरी येताना सायकलवर एवढी वळवळत होते की बाबांचा तोल दोनदा गेला. त्या रात्रीच्या जेवणात गुळाची पोळी होती.

फाल्गुनात केंद्राच्या बैठकीहून बाबा परत आले आणि टोपी खुंटीला न लावता बाजेवर टाकली. पुण्याच्या अभ्यासाचा उपयोग काय होता ते आता सांगण्यात आलं होतं. ज्या तांड्यांवरची मुलं ऊसतोडीला जातात, शाळेत मागं पडतात, तिथं दिवाळी ते होळी वसतिगृह सुरू होणार होतं. आईबाप गेले तरी मुलं गावातच राहतील, जेवतील, शाळेत जातील. कोणते तांडे घ्यायचे त्याची यादी बाईंच्या नोंदींवरून लागली. पलीकडच्या तांड्याचा मास्तर आळशी म्हणून प्रसिद्ध होता, त्यानं उसनी पोरं आणायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. बाईंना तिथं रिकामी सतरंजी दिसली. त्या तांड्याला वसतिगृह मिळालं. आमच्या तांड्यासमोर लिहिलं होतं की येथे उपस्थिती व वाचन उत्तम आहे, गरज नाही. बाबा हे मायला सांगत होते आणि मी उंबऱ्यात उभी होते. "आपनच दाखवलं ना सगळं बरं हाय म्हनून," माय म्हणाली. मी अंगणात गेले, परत आत आले, परत अंगणात गेले.

होळी झाली, ट्रक परतले. एक दिवस गिरणीत ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन एक मुलगी आली. तांड्यावर गिरणी नव्हती, त्यांना आमच्याकडेच यावं लागायचं. गाठोडं उतरवून ती सरळ आमच्या दारात आली. हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा, मनगटापासून कोपरापर्यंत. ओढणीतून तिनं एक पुस्तक काढलं. पुण्याहून टपालानं आलेलं, गोष्टींचं, पहिल्या पानावर "प्रिय मंगलाला" असं लिहिलेलं. गावंडे गुरुजींनी ते आधी बाबांना आणून दिलं होतं, पण बाबा म्हणाले होते, जिच्या नावाचं हाय तिले द्या.

"तूच का वं रंजी?"

"हाव."

"मंग वाच. हे तुलेच आलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. आम्ही गिरणीच्या ओट्यावर बसलो आणि मी इंजिनाच्या वर आवाज चढवून वाचलं. ती माझ्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघत होती. दळण झालं तरी उठेना. मग म्हणाली, "हे 'म' हाय ना? माह्या नावातला?" ओट्यावर सांडलेल्या पिठात तिनं तो काढला, उलटा. मी सरळ करून दाखवला. त्या दिवसापासून तिच्या घरची ज्वारी थोडी थोडी येऊ लागली. पायलीचं दळण ती चार वेळा करून आणायची, तिची याडी ओरडायची म्हणे. उन्हाळ्याची सगळी सुटी आम्ही पिठात अक्षरं काढली. मला शिकवायला बसवलं की मी चक्क एका जागी बसायची. मायनं हे पाहिलं आणि दोघींना कैरीचा ठेचा आणि भाकर आणून दिली. मंगलीला ऊसाच्या मोळ्या बांधता येत होत्या, बैलगाडी हाकता येत होती, कारखान्याचा भोंगा हुबेहूब काढता येत होता. पावसाळा लागेपर्यंत तिला बाईंच्या पुस्तकातलं पहिलं पान अडखळत वाचता यायला लागलं. "औंदा मी ऊसाले जानार नाई," ती म्हणायची. "इथंच राहीन, म्हातारीजवळ. चौथी करीन." म्हातारी म्हणजे तिची आजी, जिला दिसत नव्हतं. ती कशी राहणार, कोण जेवायला घालणार, ते आम्ही दोघीही बोललो नाही. वसतिगृह असतं तर बोलायची गरजच नव्हती.

आणि शाळा उघडल्यावर बाईंचं पत्र आलं. मोठ्या साहेबांना घेऊन त्या परत येणार होत्या, ही शाळा दाखवायला. त्यातही मंगलाला भेटायचं होतं. गावंडे गुरुजी आले आणि मायनं दिलेला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

"एकच डाव," ते म्हणाले. "तिनं हिचं तोंड पाह्यलं हाय. दुसरी बसवून जमत नाई. नाई तं माही नोकरी जाते, भाऊ."

"अन् मंगली कोठं बसनार?" मायनं विचारलं. "थे तं आता हाय ना गावात."

"सविताच्या नावावर. सविता मामाकडं गेली."

माय बाबांकडे बघत राहिली. "एका पोरीचं नाव दोघीजनी किती दिवस वापरतीन?" ती म्हणाली. बाबा माझ्याकडे वळले. "रंजे, तूच सांग. जातं का?" माझ्या वयाच्या मुलीवर हे टाकायचं नव्हतं त्यांनी. मी त्यांना ते कधी बोलून दाखवलं नाही, आता ते नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते. मी "जाते" म्हटलं. गुरुजींची कीव आली म्हणून म्हटलं असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. मला तो लिंबाखालचा उजळलेला चेहरा परत बघायचा होता.

त्या दिवशी वर्गात मला पहिल्या ओळीत बसवलं आणि मंगलीला, म्हणजे त्या दिवसापुरत्या सविताला, माझ्या शेजारी. तिला माझ्या शेजारीच बसायचं होतं, गुरुजींनी दोनदा मागं पाठवलं, ती परत पुढं आली. बाबा आमच्या शाळेतली मुलं पोचवायला आलेले, ते व्हरांड्यात उभे. बाई आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, साहेबांना म्हणाल्या, "हीच ती मंगला." साहेब म्हणाले, "वाच बाळ." मी पुस्तक उघडलं. मंगलीचं बोट माझ्या पानावर आलं आणि मी वाचायच्या आत ते ओळीवर सरकायला लागलं. ओठ हलत होते तिचे. बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या वाकल्या आणि तिला विचारलं, "तुला पण येतं की. तुझं नाव काय गं?"

मंगलीनं गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "सविता."

शिकवल्याप्रमाणे, स्पष्ट. उन्हाळाभर ती ज्या नावातला "म" पिठात गिरवत होती ते नाव तिनं मला देऊन टाकलं. तोवर मला वाटत होतं, आपण फक्त वाचतो, कुणाचं काही घेत नाही. मी उभी राहिले. "बाई, ही मंगला आहे. मी रंजना. मी या शाळेतली नाही."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी टेबलाची कड धरली. तेवढ्यात दारातून बाबांचा आवाज आला, "माही पोरगी हाय साहेब. मीच आनली. गावंड्याचा एकट्याचा दोष नाई." बाबा साहेब लोकांशी कायम पुस्तकी बोलायचे, त्या दिवशी घरचं बोलले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या, पिशवीतून जुनी वही काढली आणि पानं मागं उलटायला लागल्या. "गुरुजी गोष्ट आधी तांड्याच्या भाषेत सांगतात, हे तू सांगितलं होतंस."

"थे मीच बनवलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी त्या पानावर बराच वेळ हात ठेवला. मला नंतर, खूप नंतर, स्वतः असल्या पाहण्या करायला लागल्यावर कळलं की त्या एका वाक्यावर त्यांनी केवढं उभं केलं असेल. आणि गंमत अशी की सूचना चांगली होती. आज तेच धोरण म्हणून आमच्याकडे छापून येतं, मुलाच्या घरच्या भाषेतून सुरुवात करा म्हणून, आणि मी ते प्रशिक्षणात शिक्षकांना सांगते तेव्हा लिंबाखालचं माझंच वाक्य परत बोलल्यासारखं वाटतं. मी हिंमत करून विचारलं, "आता वसतिगृह मिळेल ना इथं?" बाई म्हणाल्या, "यादी मंजूर होऊन गेली गं. मी लिहीन. पण या दिवाळीला काही होणार नाही." मग त्यांनी मंगलीला जवळ घेतलं आणि तिच्याकडून पहिलं पान वाचून घेतलं. तिला ते वाचायला खूप वेळ लागला. साहेब दोनदा घड्याळाकडे बघत होते. बाईंनी तिला मध्येच थांबवलं नाही.

गुरुजींना नोटीस आली, बाबांनाही. बाबा आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. नवव्या दिवशी सायकल पुसता पुसता म्हणाले, "बोलली ते बरं केलं. पन आधी मले सांगतलं असतं तं मीच बोललो असतो." मला नाही वाटत ते बोलले असते. पण त्यांना तसं वाटत होतं, आणि मी ते त्यांच्याकडे राहू दिलं.

बाईंनी लिहिलं असणारच. दोन वर्षांनी वसतिगृह आलं. त्या दिवाळीला मात्र मुकादमाचा ट्रक आला. मी धावत तांड्यावर गेले. मंगली वर बसलेली, मांडीवर भावंड, आजूबाजूला भांडी आणि कोंबड्या. तिचे हात नुकतेच कुठं साफ झाले होते. मला बघून ती खाली वाकली. "रंजे, आता गुरुजी खोटी हजेरी मांडत नाईत," ती म्हणाली. "साहेब येतीन तवा मी नसली तं नाव कटते. मंग परत घेत नाईत. तू बसजो माह्या नावावर. एक दिवस बसली तरी चालते." मी म्हटलं, मी खरं बोलले होते ना. ती म्हणाली, "हाव. मंग आता माह्यासाठी खोटं बोल."

माघात नवे विस्तार अधिकारी आले. गुरुजी आमच्याकडे मागायला आले नाहीत, येणार नव्हतेच. मी शाळा बुडवून नाल्यातून एकटी चालत गेले आणि तिसऱ्या ओळीत जाऊन बसले. गुरुजींनी मला पाहिलं. हजेरी घेताना मंगलीच्या नावाशी ते थांबले, आणि नाव पुकारलं. मी हजर म्हटलं. घरी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी वंदनेत चौथं शील म्हणताना माझा आवाज निघाला नाही, आणि बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि परत मिटले.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रक परतले. मी सकाळपासून गिरणीच्या ओट्यावर होते, बसत होते, उठत होते. दळण घेऊन आली ती मंगलीची याडी. मी तिच्यामागं बघितलं. कुणी नव्हतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली की तिकडंच दुसऱ्या टोळीतला पोरगा भेटला, चांगलं घर हाय, करून टाकलं लग्न. कारखान्याच्या कडेलाच. आता ती त्याहीच्या संगं, नदीच्या पल्याड. इंजिन सुरू होतं, म्हणून तिला हे दोनदा सांगावं लागलं. मला पहिल्या वेळीच समजलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पिठामुळे ते गालावर चिकटत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या जवळ येऊन विचारलं, "शाळेत तिचं नाव हाय का वं अजून?"

"हाय," मी म्हटलं.

"राहू दे मंग," याडी म्हणाली. "कटू देऊ नोको."